बाईंच्या वहीतलं भांडण

आमचा संसार एका दोनशे पानी वहीत मोडता मोडता राहिला. वही आमची नव्हती. ती पाळणाघराच्या बाईंची होती, आणि तिच्यात संसार मोडायला त्यांची परवानगी नव्हती.

हा किस्सा सांगायला मला फार आवडतं. बायको म्हणते, तू दर वेळी त्यात काहीतरी वाढवतोस. वाढवतो. पण वाढवलेलं तिला बरोबर सापडतं आणि ती चारचौघांत दुरुस्ती करते. त्यामुळे आता जे उरलंय ते दोघांनी तपासून दिलेलं आहे, असं समजायला हरकत नाही.

नवं शतक नुकतंच लागलं होतं. मी मूळचा अकोल्याकडचा. इंजिनिअर होऊन पुण्याला एका कारखान्यात लागलो आणि दोनच वर्षांत तिथून उडी मारून हिंजवडीच्या एका कंपनीत प्रोग्रामर झालो. तेव्हा सगळेच उडी मारत होते. खाली काय आहे हे उडी मारल्यावर बघायचं अशी पद्धत होती. बायको अस्सल पेठेतली. तीही प्रोग्रामर, येरवड्याच्या पुढच्या एका कंपनीत. आम्ही धायरीत नवा फ्लॅट घेतला होता. आमच्या खिडकीतून शेत दिसायचं, आणि शेतातली म्हातारी माणसं मान वर करून आमची खिडकी बघायची. एकदा एकानं मला विचारलंही, "एवढ्या वर ऱ्हाऊन करता काय तुमी?" मग आम्हाला मुलगी झाली आणि वर राहून काय करायचं हा प्रश्न निकालात निघाला.

मुलगी चार महिन्यांची असताना आमचं बिनसलं. त्याला कारण जायफळ.

बाळगुटी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. सहाणेवर थोडं दूध घ्यायचं आणि हळकुंड, वेखंड, सुंठ, हिरडा, जायफळ अशा वस्तू एकेक करून उगाळायच्या. प्रत्येकाचे वेढे ठरलेले: याचे चार, त्याचे दोन, आणि जायफळाचा अर्धा वेढा, तोही घाबरत घाबरत. सासूबाईंनी ही सगळी मात्रा बायकोला तोंडी शिकवली होती. एका रविवारी बायको दमून झोपली होती म्हणून मी म्हटलं, आज गुटी आपण करू. वेढे कुणाचे किती ते मला आठवेना. मग मी विचार केला की पक्षपात नको, आणि सगळ्यांना सात-सात वेढे दिले.

मुलगी सकाळी नऊला झोपली ती दुपारी चारला उठली. मधे बायकोनं तिच्या नाकापुढे किती वेळा बोट धरलं, याची गणती नाही. डॉक्टरांकडे नेलं तर ते हसले, काही झालेलं नाही म्हणाले, आणि मला म्हणाले, "तुम्ही थोडी घेऊन बघा, तुम्हालाही गरज दिसते." मुलगी टवटवीत उठली. पण बायको माझ्याशी बोलायची थांबली.

इथे एक फरक सांगायला हवा. आमच्या वऱ्हाडात भांडण म्हणजे आवाज. माझे आई-वडील भांडायला लागले की शेजारच्या घरातला रेडिओ बंद व्हायचा, त्यांना नीट ऐकू यावं म्हणून. तासाभरात भांडण संपायचं आणि दोघं मिळून पापड लाटायचे. पेठेत भांडण म्हणजे शांतता. बायकोच्या माहेरी कुणी रागावलं की जास्त सभ्य बोलायला लागतं. ती एके दिवशी मला "आपण जेवून घ्यावं" म्हणाली, तेव्हा कोण आलंय म्हणून मी मागे वळून बघितलं. लग्नानंतर पहिल्यांदा तिनं मला आपण म्हटलं होतं.

त्यात भेटही होईना. जोडून जोडून घेतलेली तिची रजा संपली. माझी कंपनीची बस सकाळी सातला. तेव्हा मुलगी झोपलेली आणि बायको तिला धरून झोपलेली. बायको साडेनऊला मुलीला पाळणाघरात सोडून ऑफिसला जायची. संध्याकाळी तिच्या अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांची सकाळ व्हायची, त्यामुळे तिला यायला नऊ वाजायचे. मुलीला साडेसहाला घरी आणायचं काम माझं. मोबाइल दोघांकडे होते, पण एका मेसेजमध्ये एकशेसाठ अक्षरं बसायची आणि तीही इंग्रजी लिपीत. त्यात माणूस फार तर दूध संपल्याचं कळवू शकतो. भांडायला ऐसपैस जागा लागते.

ती जागा आम्हाला बाईंच्या वहीत मिळाली.

बाई म्हणजे निवृत्त शिक्षिका. छत्तीस वर्षं मराठी शाळेत चौथीला शिकवून आता घराच्या दोन खोल्यांत पाळणाघर चालवत होत्या. आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. त्यांचे यजमान, ज्यांना सगळे आजोबा म्हणत, दिवसभर दुपट्यांच्या घड्या घालायचे आणि विचारल्याशिवाय बोलायचे नाहीत. विचारल्यावरही कमीच बोलायचे. प्रत्येक मुलाची एक वही असे, ती तिथेच राहायची. सकाळी सोडणाऱ्यानं तिच्यात रात्रीची झोप, सकाळचं खाणं, सर्दी-पडसं लिहायचं. दिवसाचं बाई लिहिणार. संध्याकाळी नेणाऱ्यानं वाचून सही करायची आणि काही कळवायचं असेल तर कळवायचं. वहीच्या पहिल्या पानावर नियम चिकटवलेले होते. शेवटचा नियम असा: "मुलाला नेणारी व्यक्ती बदलणार असल्यास एक महिना आधी लिहून द्यावे. तोंडी सांगितलेले आम्ही विसरतो."

बाई काहीही विसरत नव्हत्या. पण ते असो.

पहिला दगड बायकोनं टाकला. एका सकाळी तिनं लिहिलं, "रात्री तीनदा उठली. तिचं रडणं घरात फक्त मलाच ऐकू येतं, हे विशेष."

संध्याकाळी मी सही करताना वाचलं आणि खाली लिहिलं, "विशेषाची नोंद घेतली. तिसऱ्या वेळी दुपटं मी बदललं. पुरावा दोरीवर वाळत आहे."

दुसऱ्या दिवशी बाईंच्या लाल शाईत दोन शेरे होते. तिच्या वाक्याखाली: "मुलीविषयी लिहावे." माझ्या वाक्याखाली: "एक दुपटे. वा."

कुठल्याही सुज्ञ जोडप्यानं इथे थांबायला हवं होतं. आम्हाला मात्र प्रेक्षक मिळाल्यासारखं झालं. मी तर बसमध्ये बसून वाक्यं जुळवायला लागलो. हिंजवडीहून परतताना चांगला दीड तास मिळायचा, त्यात एक टोमणा नीट घासूनपुसून तयार व्हायचा. बायको लिहायची, "आज नाचणीची पेज. पातेलं घासलेलं सापडलं असतं तर वेळेवर दिली असती." मी लिहायचो, "पातेलं जागेवर होतं. जागा मात्र दर आठवड्याला बदलते." बाई लिहायच्या, "पातेले शाळेत येत नाही. विषयांतर." एकदा त्यांनी माझ्या अक्षराला दहापैकी चार गुण दिले आणि बायकोला सात. ती ते वाचून रात्री नऊला घरी आली तेव्हा तिनं माझ्यासमोर सात बोटं धरली आणि हात धुवायला गेली.

बोलणं असं नव्हतंच. घरात जे काही लागायचं ते मुलीमार्फत. "सांग गं बाबांना, गॅस संपत आलाय." मुलगी मुठी चोखत माझ्याकडे बघायची आणि मी तिला म्हणायचो, "सांग आईला, नंबर लावलाय." एवढ्या मोठ्या जबाबदारीचं पद सात महिन्यांच्या माणसाला आजवर कुणी दिलं नसेल.

आता खरी चूक. ती माझी. ती मी कधीच नाकारली नाही, नुसती छान रंगवून सांगितली.

मुलगी नऊ महिन्यांची होत आली होती. एका बुधवारी आमच्या टीमच्या साहेबांनी मला काचेच्या खोलीत बोलावलं आणि विचारलं, "ऑनसाइट जाणार का? अमेरिका, एक वर्ष. आज नाव द्यायचंय." त्या काळी ऑनसाइट म्हटलं की माणसाच्या चेहऱ्यावर एक तेज यायचं. ज्याचं नाव लागायचं त्याला बसमध्ये खिडकीची जागा मिळायची, म्हणजे लोक आपणहून उठायचे. मी हो म्हटलं. घरी विचारून सांगतो, हे तीन शब्द माझ्या तोंडात आलेसुद्धा नाहीत.

पाच आठवड्यांनी निघायचं होतं. बायकोला रविवारी सांगायचं मी ठरवलं. नीट, शांतपणे, मुद्देसूद. मी मुद्देही काढले. पण शुक्रवारी संध्याकाळी मुलीला आणायला गेलो, सही करायला वही उघडली आणि तो नियम डोळ्यांसमोर आला. एक महिना आधी लिहून द्यावे. शनिवार-रविवार पाळणाघर बंद. सोमवारी लिहिलं आणि प्रवास दोन दिवस अलीकडे आला तर महिना भरणार नाही. बाई काय शेरा मारतील या कल्पनेनंच मला घाम फुटला. मी लिहिलं: "कळविण्यास आनंद होतो की पुढील महिन्यापासून एक वर्ष मी परदेशी असल्याने मुलीला नेण्यास येऊ शकणार नाही. पर्यायी व्यवस्था लवकरच कळवू." सही केली. तारीख घातली. अक्षर सुद्धा चांगलं काढलं.

वही दुसऱ्या कुणाच्या हातात पडते, हे मला आठवलंच नाही. नोटीस बाईंना होती, माझ्या डोक्यात ती बाईंकडे गेली आणि विषय मिटला.

शनिवार गेला. रविवारी सासू-सासरे जेवायला आले. सासऱ्यांनी नातीला मांडीवर घेऊन तास-दीड तास काढला, बायको तेवढा वेळ झोपली, आणि ते दोघं गेल्यावर ती खिडकीशी चहा पीत म्हणाली, "आज बरं वाटलं." हे वाक्य तिनं थेट मला म्हटलं. मुलगी मधे नव्हती. कित्येक महिन्यांतलं पहिलं. आता सांगा, त्यावर मी माझे मुद्दे काढायचे होते? मी म्हटलं, "हो ना." आणि दुसरा कप ओतला. भित्र्या माणसाला भ्यायला चांगलं निमित्त मिळालं की तो स्वतःला समजूतदार समजायला लागतो.

सोमवारी संध्याकाळी साडेसहाला मी पाळणाघराच्या दारात पोचलो आणि तिथे बायकोच्या चपला दिसल्या.

त्या चपला मी पुढे कितीतरी वर्षं स्वप्नात बघितल्या. अमेरिकेची सकाळ सुरू झाली होती, ती ऑफिसात हवी होती, आणि चपला इथे.

आत ती मुलांच्या बुटक्या बाकावर बसली होती. समोर बाई, हातात वही. आजोबा कोपऱ्यात घड्या घालत होते आणि आमची मुलगी त्यांच्या पायाशी घातलेल्या घड्या मोडत होती.

"या," बाई म्हणाल्या. "बसा तिच्या शेजारी. मधे एवढी जागा कशाला, तिसरं कुणी यायचंय का?"

मी सरकलो.

"हिनं सकाळी वही उघडली आणि इथेच उभी राहिली, सव्वा दहापर्यंत. मग गेली. मी दुपारी हिच्या ऑफिसात फोन करून बोलावून घेतलं." त्यांनी चष्मा लावला. "हिनं काय लिहिलंय ते तुम्ही वाचलेलं नाही. वाचाल. पण आधी पहिल्यापासून. वर्गात चिठ्ठ्या पाठवणाऱ्या मुलांना मी काय करायची ठाऊक आहे? उभं करून चिठ्ठी मोठ्यानं वाचायला लावायची. ज्याची त्यानं."

"बाई, अहो, आम्ही—" बायको म्हणाली.

"उभं नाही राहिलात तरी चालेल. बाक बुटकं आहे, उठायला त्रास होईल. वाच."

आणि आम्ही वाचलं. ती तिचं, मी माझं. रडणं फक्त मलाच ऐकू येतं, हे विशेष. पुरावा दोरीवर वाळत आहे. माणसानं बसमध्ये दीड तास घासलेला टोमणा त्याच माणसासमोर मोठ्यानं वाचून बघावा. पातेलं सुद्धा इतकं पोकळ वाजत नाही. बाई आपले शेरे आपण वाचत होत्या, सपाट आवाजात. "एक दुपटे. वा." तिथे आजोबा खुदकन हसले. बाईंनी त्यांच्याकडे बघितलं. "तुम्ही घड्या घाला." "घालतोय." जागा दर आठवड्याला बदलते, हे मी वाचलं तेव्हा बायकोच्या ओठाचा एक कोपरा हलला. तिनं तो लगेच परत जागेवर ठेवला, पण मला दिसला होता.

मग शुक्रवारचं पान आलं. "कळविण्यास आनंद होतो की," एवढं मी वाचलं आणि पान उलटायला लागलो.

"वाचा," बाई म्हणाल्या. "आनंदाची बातमी आहे."

मी वाचलं. मग बायकोनं सकाळी लिहिलेलं वाचलं. तिचा आवाज अगदी एकसारखा होता. "पर्यायी व्यवस्थेबद्दल मला माहिती नाही, कारण मूळ व्यवस्थेबद्दलच मला आत्ता कळते आहे. मुलगी रात्री छान झोपली. सकाळी अर्धी वाटी पेज घेतली."

मग ती वहीत न बघता म्हणाली, "मलाही विचारलं होतं. दीड महिन्यापूर्वी. सहा महिन्यांसाठी."

"कुठे?" मी म्हटलं. एवढा मूर्ख प्रश्न मी आयुष्यात विचारलेला नाही.

"तिकडेच. मी नाही म्हणाले."

"मला सांगितलं नाहीस."

"नाही. कारण विचार करायला मला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. तुला हो म्हणायला किती लागलं?"

आतून कुकरची शिट्टी झाली. बाई उठल्या. मला वाटलं, आता त्या काहीतरी सांगतील, छत्तीस वर्षांच्या अनुभवातलं. त्यांनी मुलीला उचलून माझ्या खांद्यावर दिलं, पिशवी बायकोच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "बाकीचं बाहेर जाऊन बोला. आमची जेवायची वेळ झाली."

रस्त्यावर आलो. मग माझी बायको, जिच्या घराण्यात चार पिढ्या कुणी स्वयंपाकघराबाहेर ऐकू जाईल एवढा आवाज काढला नव्हता, ती वळली आणि भर रस्त्यात ओरडली.

"बाईंना कळवतोस? पाळणाघराला कळवतोस? मी कोण आहे तुझी?"

"रविवारी सांगणार होतो."

"कुठल्या?"

"कालच्या. तू म्हणालीस बरं वाटलं, म्हणून मग—"

"म्हणजे माझंच चुकलं. मला बरं वाटायला नको होतं."

"तसं नाही म्हटलं मी. आणि तू? तू कुठे सांगितलंस? एकटीच त्याग करून मोकळी झालीस. मला निदान नको जाऊस म्हणायची तरी संधी द्यायचीस."

"तू म्हणाला असतास, नको जाऊस?"

मी विचार केला. खरं बोलायची वेळ होती. "हो. म्हणालो असतो."

"बघ."

"आणि मग मला लाज वाटली असती, म्हणून जा म्हणालो असतो."

यावर ती गप्प झाली, पण ती पेठेतली शांतता नव्हती. ती श्वास घ्यायला थांबली होती. पुन्हा सुरू झाली ती जायफळापासून. जायफळ, वेढे, डॉक्टरांचं हसणं. मी मदत करतो असं जेव्हा जेव्हा म्हटलं होतं ते प्रत्येक वेळचं. मी तिला एकदाही, एकदाही विचारलं नव्हतं की ऑफिसात परत गेल्यावर कसं वाटतंय. मीही माझं काढलं. ती माझ्या हातून मुलीला घेताना कशी काहीतरी काढून घेतल्यासारखी घेते, ते. मी सुद्धा रात्री जागा असतो आणि उठलो तर चुकेल म्हणून पडून राहतो, ते. ते तिला ठाऊक नव्हतं. मुलगी माझ्या खांद्यावर या सगळ्यात चक्क झोपून गेली होती, कारण वऱ्हाडी रक्त. आवाज असला की स्वस्थ वाटतं.

वरच्या गॅलरीतून एक गृहस्थ खूप वेळ बघत होते. शेवटी म्हणाले, "तुमचं चालू द्या, पण फाटकासमोरून जरा सरका. मला गाडी काढायची आहे."

आम्ही चार पावलं सरकलो. गाडी गेली. आणि मग मी जे बुधवारी विचारायला हवं होतं ते सोमवारी विचारलं. "मी जाऊ का?"

"नको," ती म्हणाली.

"बरं."

"बरं काय, बरं? का नको, ते तरी विचार."

"का नको?"

ती चालायला लागली. "मला हिला एकटीनं वाढवता येईल. येईल, त्याचं काही नाही. पण मग तू परत आल्यावर तुला सगळं मी सांगायचं, तिला काय आवडतं, कशाला रडते. तू पाहुण्यासारखा विचारणार आणि मी सांगणार. मला तसा नवरा नकोय. सात वेढ्यांचा चालेल."

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना नाही सांगितलं. "बायको नाही म्हणते?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "विचारल्यावर नाही म्हणाली." बसमध्ये महिनाभर माझी चेष्टा झाली आणि खिडकीची जागा गेली. मुलगी अडीच वर्षांची झाल्यावर बायकोला पुन्हा विचारलं गेलं, आणि त्या वेळी ती घरी येऊन, चपला काढायच्या आधी, मला म्हणाली, "तीन महिन्यांसाठी. जाऊ का?" मी जा म्हटलं. तीन महिन्यांत मी आणि लेक दोघंही अंगानं भरलो.

पण त्या सोमवारी यातलं काहीच माहीत नव्हतं. अंधार पडत आला होता, मुलीची लाळ माझ्या शर्टातून आत झिरपत होती आणि बायको बोलत होती. तिच्या टीमबद्दल, पहिल्या दिवशी ऑफिसच्या बाथरूममध्ये ती कशी रडली त्याबद्दल, आणि बाईंनी दिलेल्या सात गुणांचा तिला किती आनंद झाला होता त्याबद्दल. मी मधे मधे विचारत होतो. आमची इमारत आली तेव्हा तिचं निम्मंही सांगून झालं नव्हतं, म्हणून आम्ही फाटकातून आत वळलोच नाही आणि तसेच पुढच्या चौकापर्यंत चालत गेलो.